कुलूप माझं, होडी सासऱ्यांची

…अहो, काय जोर लावा, जोर लावा! काठावर उभं राहून ओरडायला काय जातंय? जोर लावायला आधी पायाखाली जमीन लागते की नको? माझ्याखाली प्लॅस्टिकची होडी, होडीखाली खाडी आणि पुढ्यात सासरे! आणि तुम्हाला सांगतो, मला पोहता येत नाही!

तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला मरायला? गेलो नाही हो, पाठवलं मला! माझं किल्ल्यांचं दुकान आहे. कुलूपदुरुस्ती, डुप्लिकेट किल्ली, कपाट अडकलं तर घरी येऊन. दुकानाशेजारून एक बोळ सरळ किनाऱ्यावर जातो. म्हणजे जायचा. अख्खी वस्ती त्या बोळातून पाण्यावर जायची, कुणी कुणाला विचारलं नाही. आमचे सासरेसुद्धा. सासरे म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक, मुक्काम आमच्याकडेच. गुडघे कामातून गेलेले, पण सकाळी कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभे राहिले की दिवसभर चालायचे. सहाला जायचे, दोस्तमंडळींशी भांडून अकराला परत यायचे. काय सुखाचे दिवस होते ते!

मग बोळाच्या टोकाचा बंगला एका गॉगलवाल्याने घेतला. घरातसुद्धा गॉगल! त्याने बोळावर लोखंडी गेट ठोकलं, वर पाटी, 'खाजगी. आत येऊ नये.' झालं! सासऱ्यांचं पाणी बंद, गुडघे आखडले, लांब कुठे जाता येईना, म्हणून सकाळपासून माझ्या दुकानात, माझ्याच स्टुलावर! मी किल्ली घासतोय आणि हे चष्मा नाकावर आणून बघतायत. 'जावईबापू, अर्धा मिलिमीटर जास्त गेलं.' गिऱ्हाईक आलं की त्याला, 'थांबा हं, यांची पहिली किल्ली लागत नाही.' आठ महिने, अहो, आठ महिने! एकदा मात्र शटर धरून कसेबसे उठले, मी बघतोय हे कळल्यावर तोंड फिरवलं. वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. कारण… जरा जवळ या, घरी बोलू नका… त्या गेटचं कुलूप मीच बसवलं होतं!

आता काय करणार? गॉगलवाला म्हणाला, 'बंगल्याचं गेट आहे, एक नंबर कुलूप पाहिजे.' मला काय माहीत, हा बोळ अडवतोय! म्हणजे… तिथे गेल्यावर दिसलं. पण तोवर तीन भोकं पाडून झाली होती.

तर औषधाच्या दुकानातल्या ताईंनी शर्यत काढली. पुलापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत, एका होडीत दोघं. लोकांनी देणग्या द्यायच्या, त्यातून वकील करायचा आणि किनाऱ्याची वाट कोर्टातून मोकळी करून घ्यायची. गॉगलवाल्यानेही चारचौघांत बरं दिसावं म्हणून त्या दिवशी बारापर्यंत गेट उघडं ठेवायचं कबूल केलं. सासरे स्टुलावरून गरजले, 'मी उतरणार!' बायको म्हणाली, 'बाबांना एकटं कसं सोडायचं? तुम्ही बसा मागे.' म्हटलं, अगं, मला पोहता येत नाही! तर म्हणते, 'पोहायचं कुठाय? बसायचंच तर आहे!'

बसलो. शिट्टी झाली. सगळ्या होड्या पुढे आणि आमची? गोल! जागच्या जागी गोल! 'जावईबापू, डावीकडे!' डावीकडे मारलं की डावीकडे वळत नाही हो ती, उजवीकडे वळते! हे कुणी आधी सांगायचं? बँकेतल्या दोन बायका गप्पा मारत आमच्याजवळून गेल्या, वर विचारतात, 'काही पडलंय का तुमचं?' एक लाट आली, मी वल्हं सोडून सासऱ्यांना मिठी मारली. 'सोडा मला! शोभतं का?' शोभायचं काय घेऊन बसलात, मला पोहता येत नाही!

साडेबाराला टेकलो किनाऱ्याला. टेकलो म्हणजे दगडावर आपटलो, होडीच्या बुडाला हे एवढं भोक. बक्षिसं वाटून झालेली, माणसं बाहेर आणि गेट बंद! रखवालदार म्हणतो, 'बाराची बोली होती. खटका दाबला की बसतं आपोआप. किल्ली मालकांकडे, मालक परगावी.' मागे खाडी, पुढे गेट, मध्ये आम्ही. आणि सासरे वाळूत बसले ते उठेचनात. गुडघा सरळ होईना, ओठ निळे, दात वाजतायत. गेटच्या पलीकडून बायको ओरडतेय, 'बाबा! बाबा!' आणि मग माझ्याकडे वळली, 'अहो, तुम्ही कुलूपवाले ना? उघडा की!'

तुम्हीच सांगा, काय करायचं मी? उघडत नाही म्हणावं, तर धंद्याची अब्रू जाते. चुटकीसरशी उघडावं, तर लोक विचारणार, याला कसं माहीत? मी आपला कुलपाकडे असा बघतोय, जणू जन्मात पहिल्यांदाच पाहतोय! तेवढ्यात तो रखवालदार, 'अहो, यांना काय अवघड? यांनीच तर बसवलंय!'

बायको म्हणाली, 'अहो?' नुसतं 'अहो'. वीस वर्षांच्या संसारात या शब्दाला मी इतका घाबरलो नव्हतो. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, उद्यापासून डोकेदुखीची गोळीसुद्धा मिळायची नाही. आणि सासरे? वाळूत कुडकुडत म्हणतात, 'तरीच! मघापासून बघतोय, काम चोख आहे.' आठ महिन्यांत पहिलं कौतुक, तेही केव्हा, तर तेव्हा!

बायकोच्या केसांतला आकडा गजांतून घेतला आणि उघडलं. सासऱ्यांना चौघांनी उचलून बाहेर नेलं, शेकलं, गरम चहा पाजला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. फक्त आकडा आत तुटला. कुलूप गेलं. गेट आता मिटतच नाही.

दुसऱ्या दिवशी गॉगलवाल्याचा फोन, 'ताबडतोब दुरुस्त करा.' फोन कानाला आणि दुकानासमोर अख्खी वस्ती, सगळ्यात पुढे आमची ही, कमरेवर हात. म्हटलं, साहेब, पार्ट मिळत नाही. त्याने बाहेरून कारागीर आणला, तो म्हणाला, ज्याने बसवलंय त्यालाच बोलवा. आता वकील म्हणतो, निकाल लागेपर्यंत तुम्ही फक्त हात लावू नका! माझ्या आयुष्यात काही न करण्याचं एवढं नाव कधी झालं नव्हतं.

महिना झाला, वाट उघडी आहे. लोक जातात, येतात. सासऱ्यांचे गुडघे मोकळे झाले. मीही खूश होतो हो! वाटलं, स्टूल सुटलं, दुकान सुटलं, मी सुटलो. तर परवा चहाच्या वेळी म्हणाले, 'होडीचं भोक बुजवून आणलंय. पुढच्या वर्षी पहिला नंबर. रोज सहाला सराव.' मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, 'कुलूप कुणी बसवलं होतं?'

रोज जातो. सहा ते आठ. मी मागे, ते पुढे, 'जावईबापू, वल्हं अर्धी वीत जास्त गेलं!' मला अजून पोहता येत नाही. पण खरं सांगू? त्याचं आता काही वाटत नाही. घरी ते सुरू झाले की निदान उठून दुसऱ्या खोलीत तरी जाता येतं… होडीला दुसरी खोली नसते हो!