सुवासासाठी की झाकायला

यामिनी: हात पुढे कर. उजवा. आणि आता आत जाऊ नकोस, इथेच परसात थांब.

यज्ञेश्वर: ताई, आत्ता तर घरात पाऊल टाकलं. आईच्या पाया पडून सरळसुद्धा झालो नव्हतो, तेवढ्यात दंडाला धरून बाहेर काढलंस. झालंय काय?

यामिनी: ऐक.

(आतून खोकल्याची उबळ येते. बराच वेळ थांबत नाही.)

यज्ञेश्वर: आहेच का अजून? तू तर फोनवर म्हणालीस, नगरला आल्यापासून बंद झालाय.

यामिनी: झालाच होता. पंधरा दिवस माझ्याकडे होती, एकदा ढास लागली नाही. उशांची चळत न लावता आडवी झोपायची. दुपारी तिला इथे नेवाशाला आणलं, तेव्हाही ठीक होती. गहू निवडले, कुंपणावरून बनुबाईंशी गप्पा मारल्या. तू आलास, वाकलास आणि सुरू.

यज्ञेश्वर: म्हणजे मला बघून खोकला येतो तिला.

यामिनी: चेष्टा नको. बघून नाही, वासानं येतो. काय लावलंयस हे?

यज्ञेश्वर: हिना.

यामिनी: किती? अरे, कोपरापर्यंत आलंय.

यज्ञेश्वर: मानेलाही आहे. शर्टाच्या शिवणीला थोडं. आणि कानात फाया.

यामिनी: कुणाच्या वरातीला निघाला होतास?

यज्ञेश्वर: चांगलं आहे गं ते. पहिल्यांदा जरा औषधी वाटतं, ट्रंकेत ठेवलेल्या शालीसारखं. मग हळूहळू ऊब येते. लवंग, जायफळ, थोडी तंबाखू. सकाळी उशीलासुद्धा असतं. टिकायला हिनासारखं दुसरं काही नाही.

यामिनी: कौतुक विचारलं नाही मी. छातीच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं तिला, घरात उग्र वासाचं काही वापरता का? धूप, कापूर, सेंट? आपल्या मातोश्री म्हणाल्या, काही नाही. उदबत्तीसुद्धा बंद केलीय.

यज्ञेश्वर: ती तिनं माघातच बंद केली. मी विचारलं होतं. म्हणाली, काड्या पूर्वीसारख्या येत नाहीत.

यामिनी: देवाची उदबत्ती बंद केली आणि तुझं अत्तर चालू ठेवलं. डॉक्टरांशी खोटं बोलली. का, ते सांगते मागून. आधी हे उतरव. हे घे बेसन.

यज्ञेश्वर: नळ सोडू?

यामिनी: पाणी नंतर. तेल आहे ते, पाण्यानं नुसतं पसरेल. कोरडंच चोळ. आणि चोळता चोळता सांग, रोज हेच लावतोस का?

यज्ञेश्वर: नाही. हिना आत्ता आत्ता. आधी बरीच झाली.

यामिनी: एकेक सांग. कुठल्या अत्तराला ती जास्त खोकली, ते मला डॉक्टरांना सांगायचंय.

यज्ञेश्वर: पहिलं खस. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की येतो ना, तसा वास. गार. डोक्यातसुद्धा गार वाटतं. पण टिकाव नाही त्याला. निघताना लावलं तर प्रवरेच्या पुलापर्यंत. पुलावर वारा लागला की संपलं.

यामिनी: संपलं तर संपलं. बिघडतं काय?

यज्ञेश्वर: बिघडतं थोडं.

यामिनी: पुढे?

यज्ञेश्वर: मग गुलाब. तो अगदीच पानाच्या टपरीसारखा, गुलकंदाचा डबा उघडल्यागत. तासाभरात त्याचा साबण होतो. मग केवडा. बाटली उघडली की घरात महालक्ष्म्या बसल्यात असं वाटतं. अंगावर मात्र टोचतो. मलाच इथे कपाळात कळ यायची.

यामिनी: केवड्याच्या वेळी आई कशी होती?

यज्ञेश्वर: तेव्हाच तर वाफ घ्यायला लागली ती.

यामिनी: पातेलं कोण भरून द्यायचं?

यज्ञेश्वर: मीच.

यामिनी: केवडा लावून?

यज्ञेश्वर: ...हो.

यामिनी: चोळ. थांबू नकोस. पुढे काय?

यज्ञेश्वर: मातीचं. सारवलेल्या अंगणावर सडा टाकल्यासारखं. ते मात्र फक्त सुट्टीच्या दिवशी लावायचो, मनगटाला एक थेंब. ते माझ्यासाठी होतं.

यामिनी: आणि बाकीची कुणासाठी होती?

यज्ञेश्वर: आता शब्दात पकडू नकोस. मग मोगरा. बाटलीत काय सुंदर वाटतो! अंगावर गेला की तासाभरात शिळा गजरा. आणि त्यात ते दुसरं मिसळलं की एसटी स्टँडवरच्या मुतारीत कुणीतरी वेणी टाकून गेल्यासारखं. मोगरा मी आठवड्यात सोडला. आईच उलट विचारत होती, तो मोगरा का नाही रे लावत हल्ली?

यामिनी: ते दुसरं म्हणजे काय?

यज्ञेश्वर: घाम.

यामिनी: घामाला मुतारीचा वास येत नाही. आण तो हात. ...हिना गेलंय बरंचसं. पण हे खाली काय आहे? डोळ्यांना झोंबतंय.

यज्ञेश्वर: बेसन जुनं असेल.

यामिनी: यज्ञा, बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभी राहिलेय मी. अमोनिया आहे हा. कृषी सेवा केंद्रात तुला युरियाची पोती उचलायला लावतात की काय?

यज्ञेश्वर: हो म्हणालो तर चालेल?

यामिनी: म्हण. पण मग कॉलरमध्ये हे पीस कुठून आलं, तेही सांग.

यज्ञेश्वर: कुठलं पीस?

यामिनी: पांढरं आहे. कोंबडीचं.

यज्ञेश्वर: हळू बोल. खिडकी उघडी आहे.

यामिनी: मी हळूच बोलतेय. तू बोल.

यज्ञेश्वर: केंद्र दिवाळीच्या आधीच बंद झालं. मालकानं शटर ओढलं आणि पुण्याला गेला. महिनाभर मी नुसताच घरून निघायचो, डबा घेऊन. मंदिराच्या पारावर बसून डबा खायचो. मग शेवगाव रस्त्याला पोल्ट्रीत मॅनेजरची जागा निघाली.

यामिनी: पोल्ट्रीत. आणि मी स्थळांच्या माहितीत लिहिते, मॅनेजर, खासगी कंपनी.

यज्ञेश्वर: खोटं नाही लिहिलंस. सहा हजार जणी आहेत हाताखाली.

यामिनी: हसू येत नाहीये मला.

यज्ञेश्वर: मलाही नाही. तिथेच आंघोळ करतो गं, दोनदा. कपडे वेगळे ठेवलेत. पण केसांत राहतो तो वास, नखांत राहतो. खस, गुलाब मी आपला अंदाजानं घेत होतो. मग नगरला कापड बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारा अत्तरवाला बसतो, त्यानं विचारलं, सुवासासाठी पाहिजे की झाकायला? मी म्हणालो, झाकायला. त्यानं पुढे चकार शब्द काढला नाही. हिना काढून दिलं.

यामिनी: त्याला सांगितलंस. आम्हाला नाही.

यज्ञेश्वर: छगनमामांनाही माहीत आहे. शेडवर असतात ते. एकदा मी सकाळी आत जातानाच मोगरा लावून गेलो, तर म्हणाले, "सायेब, ह्ये आत न्हाई आनायचं. कोंबड्या बुजत्यात. लई तर घरी जाताना लावा, घरी न्हाई कुनी बुजायचं."

यामिनी: बुजलं नाही कुणी. खोकलं.

यज्ञेश्वर: माहीत असतं तर लावलं असतं का मी?

यामिनी: सांगायचं होतंस सरळ.

यज्ञेश्वर: कुणाला? ज्या घरात बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघून मग पुडा फोडतात, त्या घरात? बाबांनी ज्या गावांत सप्ताहाला भागवत सांगितलं, त्याच गावांत मी टेम्पोतून अंड्यांचे ट्रे उतरवतो. मागे एकानं ओळखलं. म्हणाला, गुरुजींचे चिरंजीव ना तुम्ही? मी म्हणालो, नाही.

यामिनी: ...नाही म्हणालास?

यज्ञेश्वर: तोंडातून निघून गेलं.

यामिनी: बरं. आता माझं ऐक. आई डॉक्टरांशी खोटं का बोलली माहितेय?

यज्ञेश्वर: का?

यामिनी: तिला वाटतं, कुणीतरी आहे.

यज्ञेश्वर: कोण आहे?

यामिनी: मुलगी, बावळटा. पस्तिशी ओलांडलेला मुलगा. चौदा ठिकाणी बघून झालं, कुणाला नेवासा नको, कुणाला भिक्षुकाचं घर नको. तो मुलगा अचानक अत्तर लावायला लागतो. संध्याकाळी उशिरा येतो तो नाहून, भांग पाडून. सकाळची पूजा आईवर टाकून घाईनं निघतो. तिनं काय समजायचं?

यज्ञेश्वर: पूजा मी हातांमुळे सोडली. अंडी उचलून उचलून... त्या हातांनी कसं देवाला शिवायचं, म्हणून.

यामिनी: ते मला आत्ता कळतंय. तिला वाटलं, कुणीतरी बसस्टॉपवर वाट बघत असते. माझ्याकडे होती तेव्हा एकदा म्हणाली, पदराचा बोळा तोंडाशी धरला की आवाज बाहेर जात नाही. त्याला कळलं तर तो लावायचं बंद करेल. कुठे काही जुळत आलं असेल, ते माझ्या खोकल्यापायी बिघडायला नको.

यज्ञेश्वर: हे तू मला पंधरा दिवसांपूर्वी का नाही सांगितलंस?

यामिनी: शपथ घातली होती तिनं. आणि खरं सांगू? मलाही वाटलं होतं, असेल कुणीतरी.

यज्ञेश्वर: आता अत्तर सोडलं तर वास येणार. वास आला की ती विचारणार.

यामिनी: विचारू दे. श्वास तरी घेईल.

यज्ञेश्वर: सांगितलं तर ती मुलगी जाणार, ताई. सहा महिने आहे ती या घरात.

आई: बेसनाचा अख्खा डबाच उचलून आणलास होय गं? पिठलं टाकायचंय मला.

यज्ञेश्वर: आई, दारातच थांब. पायरी उतरू नकोस.

आई: का? सोवळ्यात आहेस की काय?

यामिनी: अत्तर काढतोय तो. तुझ्या छातीसाठी.

आई: कुणी सांगितलं काढायला? मला काही होत नाही त्यानं. गव्हाला धूळ होती आज. यामिनी, तुला मी काय सांगितलं होतं?

यज्ञेश्वर: तिच्यावर रागावू नकोस. आई, कुणी नाहीये.

आई: नसू दे. मी कुठे नाव विचारलं?

यज्ञेश्वर: नावच नाही, आई. मी पोल्ट्रीत कामाला आहे. केंद्र बंद होऊन बरेच महिने झाले. कोंबड्यांचा वास घरात येऊ नये म्हणून लावत होतो.

आई: कोंबड्यांचा?

यज्ञेश्वर: हो.

आई: खस, गुलाब, तो केवडा, सगळं?

यज्ञेश्वर: सगळं.

आई: मोगरासुद्धा?

यज्ञेश्वर: मोगरासुद्धा.

आई: ...तरी म्हटलं, एकाच मुलीला इतकी वेगवेगळी अत्तरं कशी आवडतात.

यामिनी: आई, बस ना जरा पायरीवर.

आई: उभी आहे ती बरी आहे मी. अंडी उचलावी लागतात का रे?

यज्ञेश्वर: लागतात. हिशेबही बघतो, पण माणूस कमी असला की उचलतो.

आई: हं. म्हणून पूजा सोडलीस.

यज्ञेश्वर: वाफेचं पातेलं मीच द्यायचो तुला. केवडा लावून.

आई: हो. झाकण काढलं की वाफेलाच केवडा यायचा.

यज्ञेश्वर: मग बोलली का नाहीस?

आई: तू बोललास का? आण, हात आण इकडे.

यज्ञेश्वर: नको. वास आहे अजून.

आई: आण म्हणते ना. ...आहे खरा. आपल्या मागच्या बोळात पूर्वी कोणीतरी पाळायचे, तसाच.

यामिनी: खोकला आला?

आई: कुठे आला? उभी आहे की बोलत.

यज्ञेश्वर: मी उद्यापासून काही लावत नाही. वाटलं तर काम बघतो दुसरं.

आई: दुसरं असतं तर तू मंदिराच्या पारावर डबा खात बसला असतास का? खिडकी उघडी होती रे. काम कर. डोक्यावरून अंघोळ करत जा म्हणजे झालं. पण एक घोळ करून बसलेय मी.

यामिनी: कसला?

आई: आज दुपारी बनुबाईंना सांगितलं. यज्ञाचं जमतंय म्हणून. त्या विचारत होत्या सारखं, आणि मी पंधरा दिवस तुझ्याशिवाय कुणाशी बोलले नव्हते त्याबद्दल. आत्तापर्यंत चार घरी गेलं असेल.

यज्ञेश्वर: मी जाऊन सांगतो त्यांना, तसं काही नाही म्हणून.

आई: इतक्यात नको. लगेच नको. थोडे दिवस जाऊ देत. सकाळी त्यांच्या दारावरून जाताना लावत जा जरासं. येताना धुऊन ये.

यामिनी: आई, हे काय आता?

आई: तू पिठल्याला कांदा चीर, जा.

यज्ञेश्वर: कुठलं लावू? हिना?

आई: हिना नको, ते म्हाताऱ्यांचं. मोगरा लाव.

यज्ञेश्वर: मोगरा माझ्या अंगावर बरा वाटत नाही, आई.

आई: असू दे. कुणी असती, तर तिला मोगराच आवडला असता.