अत्तराच्या झाडाचा शेंडा

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी हात प्लास्टरमध्ये असलेली सून आणि तिचे सासरे.

"प्लास्टर निघालं की पहिलं काम, अंगणातल्या त्या इलांगच्या झाडाचा शेंडा छाटायचा."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

"बाबा, अत्तरासाठी ही झाडं लावणारे ती डोक्याइतकीच ठेवतात. फांद्या खाली वाकवून बांधतात. जमिनीवर उभं राहून फुलं तोडता येतात."

"ती कसली झाडं, झुडपं ती! आपलं बघ, घराच्या वर गेलंय. गल्लीभर घमघमाट!"

"घमघमाट गल्लीत, फुलं शेंड्यावर आणि फुलांसाठी शेंड्यावर मी."

"तुझी सासू जन्मभर चढली. पडली का कधी?"

"दोनदा."

"काहीतरीच! एकदा न्हाणीघरात घसरली होती, मनगट मोडलं तेव्हा."

"आणि एकदा जिन्यात पाय मुरगळला."

"हो, जिन्यात."

"जिन्यात नाही, बाबा. न्हाणीघरातही नाही. झाड तुमच्या जिवापाड लाडकं, म्हणून आई बोलल्या नाहीत. मला शपथ घातली होती. आज मोडली."

आतून नंबर पुकारला.

"चला बाबा, आपलाच आहे."

"तू हो पुढे. मी समोरच्या दुकानातून करवत घेऊन येतो."