ताईचा लिंबूभात

परवाच्या रविवारी मी लिंबू-कोथिंबिरीचा भात केला. हसू नका, खरंच केला. आमच्यात रविवारी मटणाच्या रश्श्याबरोबर हाच भात लागतोय, आणि तो ताईच करायची. ती लग्न होऊन बेंगळूरला गेली, तवापासनं पप्पा रविवारी अर्ध्या भाकरीवरच उठत्यात. म्हटलं, आज त्यांना पोटभर जेवू घालायचंच. लगेच ताईला व्हिडिओ कॉल लावला.

"लिंबू कधी पिळू गं?"

"गॅस बंद केल्यावर की, येड्या."

"मी तर पिळलं की आधीच. भात त्यातच शिजतोय."

"मग कडू होणार बघ आता. कोथिंबीर तरी शेवटी घाल."

ती पण घालून झालती, पण ते मी सांगितलंच न्हाय.

भात कडूच झाला. माझ्याच्यानं दोन घास गिळवेनात. पप्पांनी मात्र ताट चाटूनपुसून संपवलं, वर आणखी मागून घेतला. मला लई भारी वाटलं. म्हटलं, "ताईला सांगू काय, जमला म्हणून?"

पप्पा हात धुवायला उठत म्हणाले, "खुळा हाईस काय? अजिबात जमत न्हाय म्हणून सांग. शिकवायला तरी येईल ती."