अण्णांचं पत्र अमेरिकेत पोचलं

माझं शिक्षण बुडवलं ते आमच्या अण्णांनी, म्हणजे सख्ख्या वडिलांनी. नशिबाला उगाच मधे आणू नका.

अमेरिकेत पोचून मला चार महिने झाले होते. लॅबमध्ये काम करायचो, त्यावरच फी माफ होती. एक दिवस प्रोफेसरने बोलावलं आणि अण्णांचं टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. ‘मुलगा कामचुकार आहे, लाडावलेला आहे, त्याला कडक शिस्तीत ठेवावं.’ आपल्याकडे पोरगं मास्तरांच्या हवाली करताना बाप असंच बोलतो. त्या माणसाला मात्र ते सगळं खरं वाटलं.

“तुझे वडील खोटं कशाला लिहितील?”

“सर, माझं काम तुम्ही रोज बघता. माझी लॅबची वही उघडा.”

“आधी वडिलांकडून खुलासा आण. मग पुढच्या सत्राचं बघू.”

“चोवीस वर्षांचा घोडा झालोय मी. बापाची चिठ्ठी आणणार नाही.”

नाहीच आणली. काम गेलं, फीमाफी गेली, परतीचं विमान धरलं.

नाशिक रोड स्टेशनवर अण्णा न्यायला आले होते. तिथेच त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, “असं का लिहिलंत?”

“अरे, स्वतःच्या पोराची कुणी स्तुती करतं का? तुला एक खुलासा मागवता आला नाही?”

“तुम्हाला एकदा ‘पोरगं चांगलं आहे’ असं लिहिता आलं नाही?”

अण्णांनी माझी बॅग उचलली आणि रिक्षा बघायला निघाले.

एम.एस. अर्धवट राहिलं. त्यानंतर मी कुठल्याच कॉलेजात गेलो नाही.