हात पोचेल तिथं कॉक

मंडळी, ऐका! साधा प्रश्न विचारतो — घरातली वस्तू कुठं बसवावी? डोळ्याला शोभेल तिथं, की हाताला लागेल तिथं? थांबा, लगेच माना डोलावू नका! आधी मिरजेच्या भालचंद्रपंतांचं ऐका.

पंत निवृत्त पोस्टमास्तर. पत्नी इंदुताई, गुडघ्यांनी बेजार. पंत म्हणाले, "इंदू, जुनी न्हाणी फोडून तुला राणीसारखं बाथरूम करून देतो!" प्रेम होतं हो, खोटं नव्हतं!

याकूब मिस्त्री म्हणाला, "पंत, पाणी बंद करायचा कॉक दाराशी घेऊ, काकूंच्या खांद्याइतका. आणि पितळी घालू."

"या टाइलवर तो कॉक? शोभा जाईल! माळ्यावर टाक. साधाच घाल, दिसणार आहे कुणाला!"

इंदुताईंना कुणी विचारलं? छे!

दोन वर्षं गेली. एका दुपारी पंत बाजारात, शेजारी कुलूप — आणि गिझरचा पाइप फाटला! फवारा थेट छताला! माळा नऊ फुटांवर. बाजूच्याच खोलीत जमिनीवर पंतांची जीव की प्राण असलेली वाजवायची पेटी. काय केलं त्या माउलीनं? टॉवेल गुंडाळून दोन्ही हातांनी पाइप दाबून धरला. पाऊण तास! दुखऱ्या गुडघ्यांवर!

पंत आले. शिडी लावली, कॉक पिळला — हलेना! दोन वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही, गंजून बसलेला. जोर केला, तर मूठच तुटून हातात! धावत गच्चीवर गेले, टाकीपाशी पाणी बंद केलं, तेव्हा कुठं धार थांबली.

खाली येऊन बघतात, तर बाईची बोटं पांढरीफटक. आणि म्हणते काय? "पेटी कोरडी आहे हो. बघून या."

पंत पेटी बघायला गेले नाहीत, मंडळी! ओल्या फरशीवरच बसले. रुमालानं तिची बोटं पुसत म्हणाले, "इंदू, मी तुला विचारलंच नाही गं."

दुसऱ्या दिवशी याकूब आला. पंत म्हणाले, "हिचा हात बघ. पोचेल तिथं खूण कर." तीच शोभेची टाइल फोडली! पितळी कॉक बसला. याकूब म्हणाला, "काकू, अधूनमधून फिरवत जा, म्हणजे अडकणार नाही." तेव्हापासून दर एकादशीला इंदुताई कॉक फिरवतात. पंत अंगाला साबण लावून आत ओरडतात, "अगं, पाणी!"

हसताय? हसा! पण घरी गेलात की आपला कॉक शोधा, फिरवून बघा. मग घरातल्या माणसाला विचारा, "तुझा हात कुठं कुठं पोचत नाही?" उत्तर लांबलचक येईल, बापांनो! मधे बोलू नका. बसून ऐका. तीही पूजाच आहे!