चुकीच्या घोड्याम्होरं

आमी मूळचे विट्याच्या पूर्वेकडचे, मेंढरं राखणारी मानसं, काय सांगू तुमाला, घरात पुस्तक म्हणून एक पंचांग तेवढं, आन् मी झालो कादंबरीकार! शिरवळच्या कंपनीत शिफ्ट करतो, येता-जाता एष्टीत लिवतो. माझा थोरला भाऊ, दादा, बँडात क्लॅरनेट वाजवायचा. त्याच्या फजितीवरच मी इनोदी कादंबरी लिवली, निस्तं नाव बदललं, पन गाव काय खुळं हाय व्हय?

फजिती ऐका. आमच्याकडं लग्नाआदी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडाय जातो, म्होरं बँड. त्या दिशी दोन नवरदेव एकाच टायमाला देवळात. दोघांच्याबी तोंडावर मुंडावळ्या, वळकू कसं येनार? दादा आपला डोळं मिटून वाजवनार, लय रंगात आला आन् निघाला दुसऱ्याच्याच घोड्याम्होरं, त्याच्या मागनं सगळा बँड. ज्याची सुपारी घेतलेली त्यो आमचा नवरदेव मारुतीपाशी एकटाच.

पुस्तक आलं, लोक हसली, आन् दादानं बोलणंच टाकलं. दिवाळीला गेलो तर उठून रानात गेला. आवं, डीजे आल्यापास्नं त्याला लग्नाच्या सुपाऱ्या न्हाईत, घरी बसलेला मानूस, आन् मी त्याच्यावर जगाला हसवलं. लय लागलं मला. पुस्तक नको, दादा पायजे, असं झालं.

मग वाईच्या एका वाचनालयानं मला बोलावलं, इनोद कसा लिवता त्ये सांगा म्हणून. मी वैनीला फोन केला, म्हणलं कसंबी करून दादाला आण. कार्यक्रमात एका बाईनं इचारलं, हे खरं घडलंय का. मी न्हाई म्हणनार, तवर मागनं दादा उठला, हातात क्लॅरनेटची पेटी. म्हणला, खरं हाय, त्यो मीच, आन् दोन्ही मांडवात जेवलो त्ये ह्यानं लिवलंच न्हाई. लोक हसून हसून बेजार. मग माझ्याकडं वळला, म्हणला, घोडा चुकला त्ये लिव, हजारदा लिव, पन तू लिवलंयस सूरबी चुकला. माझा सूर कवा चुकला रं?

हशा पिकवाय एक वाक्य टाकलं हुतं मी. म्हणलं, दादा, त्ये खोटं हाय, चुकलं माझं. म्हणला, मग गप बस आन् ऐक. आन् उभ्या उभ्या वाजवलं की हो त्यानं! मी रडत हुतो का हसत हुतो, मलाच कळंना.

नव्या आवृत्तीत त्ये वाक्य न्हाई. आता आमाला दोघांनाबी बोलवत्यात, मी बोलतो थोडं, दादा वाजवतो लय, सह्याबी त्याच्याच घेत्यात. घेऊ द्या, देवानं असंच ठेवावं. मी आपला दाराजवळ बसतो, दादा डोळं मिटून कुनीकडं निघाला तर वळवाय घरचं मानूस पायजे की.