नारिंगी मक्याचा झोपाळू साक्षीदार

...नाही, पण मला एक सांगा, माणसाला मऊ खुर्चीत बसवायचं, दिवे मालवायचे, दार लावून घ्यायचं, अर्धा तास कुणी हूं की चूं करायचं नाही, आणि वर त्यालाच विचारायचं, 'झोपलात कसे?' अहो कसे म्हणजे? डोळे मिटून! तीस वर्षं मी सिनेमाच्या थिएटरात बॅटरीवाला. तुम्ही उशिरा आलात की पायापाशी उजेड पाडत पाडत तुम्हाला खुर्चीपर्यंत नेणारा तो मी. मंडळी एकदा जागेवर बसली की मागच्या भिंतीला टेकायचं आणि मध्यंतरापर्यंत... आता तुमच्यापासून काय लपवायचं! तुम्हाला सांगतो, अंधार झाला की मी माझा राहत नाही.

तर झालं काय, मला अंधारात दिसेनासंच झालं. दिवसा ठणठणीत, सुईत दोरा ओवून दाखवीन. पण हॉलचे दिवे गेले की पुढे काळी भिंत! हातात बॅटरी असून काय उपयोग, तिच्या उजेडात चप्पल दिसते, चप्पल घातलेला माणूस दिसत नाही. एका बाईंना मी इतक्या अदबीने नेऊन बसवलं की त्या थेट एका जाड्या गृहस्थांच्या मांडीवर! बाई किंचाळल्या, गृहस्थ दचकले, आणि शेजारी बसलेली गृहस्थांची बायको तर... जाऊ दे. मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. त्याला बारा महिने सर्दी, बोलणार नाकातून, 'काका, बॅटरी खाली ठेवा. उद्यापासून बाहेर, सायकल स्टँडवर.' सायकल स्टँड? भर उन्हात? अहो, मला त्या अंधाराची माया आहे हो... पडद्यावरचा उजेड हलतो, दोनशे चेहरे निळे होतात, जांभळे होतात, एकदम हसतात, एकदम गप्प होतात... ते बघण्यात माझं आयुष्य गेलं. मी हात जोडले. म्हटलं, सहा महिने द्या.

सहाच का? तर आमची भाची. धाकट्या बहिणीची मुलगी, शेती संशोधन केंद्रात नोकरीला. नऊ वर्षं ती एकच काम करतेय, मक्यात जीवनसत्त्व भरतेय. भरतेय म्हणजे सुईने नाही हां, मलाही आधी तसंच वाटलं होतं! या मक्याचा तुरा झटकायचा, ते पराग त्या मक्याच्या कणसावर घालायचे, वर कागदी पिशवी बांधायची, मग दाणे काढा, पुन्हा पेरा, पुन्हा बांधा... नऊ वर्षं! तेव्हा कुठे दाणा झाला नारिंगी. अंगात अ जीवनसत्त्व कमी पडलं की तिन्हीसांजेनंतर दिसत नाही, हा मका खाल्ला की दिसेल, असं तिचं म्हणणं. पण नुसत्या म्हणण्याला कोण विचारतो? तिच्या केंद्राच्या मंडळाला पुरावा हवा. म्हणून माझ्यासारखी चाळीस चाचपडणारी माणसं गोळा केली. वीस जणांना खरं पीठ, वीस जणांना साधंच पीठ, पण रंग घालून तस्संच नारिंगी केलेलं. कुणाला कुठलं, ते तिलाही ठाऊक नाही, यादी पाकिटात सीलबंद. मला म्हणाली, 'मामा, हे शेवटचं. यात फरक दिसला नाही तर माझा मका नांगरून टाकणार आहेत.'

झालं! सहा महिने लापशी. सकाळी लापशी, संध्याकाळी लापशी. तोंड वाकडं केलं की आमची ही म्हणायची, 'खा गुपचूप. नाहीतर एखाद्या संध्याकाळी शेजारणीलाच म्हणाल, अगं, चहा टाक!'

आणि परीक्षा कुठे, तर अंधारखोलीत. भिंती काळ्या, पडदे काळे. अर्धा तास नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावले पाहिजेत ना! मग समोर एक ठिपका उजळायला लागतो... आधी नसल्यासारखा, मग इतकुसा, मग चांगला ठसठशीत. दिसला की हातातलं बटण दाबायचं. जितकं लवकर दाबाल तितकी नजर चांगली. पहिल्या वेळी मी भीतीने टक्क जागा. ठिपक्याचा अगदी कंदील झाला तेव्हा दाबलं. चाळिसांत चाळिसावा! पण शेवटच्या परीक्षेला... सकाळचे अकरा, पोटात गरम लापशी, पाठीला मऊ खुर्ची... अंधार झाला की मी माझा राहत नाही हो!

आणि काय बघतो... आमच्या थिएटरात मका उगवलाय. खुर्चीखुर्चीतून एकेक उंच ताट उभं, रांगेने, नंबराप्रमाणे. प्रत्येकाच्या डोक्यावर कागदी पिशवी आणि पिशवीच्या आत उजेड... मऊ, नारिंगी. वारा नाही, तरी सळसळ. आणि मला सगळं दिसतंय! पार कोपऱ्यातलं! तिसऱ्या रांगेत आमची आई बसलेली. तिला जाऊन अठरा वर्षं झाली. पदरात कणसं घेऊन मजेत बसलीय. म्हणते, 'किती उशीर रे?' मी म्हटलं, आई, तुझं तिकीट? म्हणाली, 'तिकीट कसलं मेल्या, मी दिसतेय ना तुला?' दिसतेस गं आई... कपाळावरची आठीसुद्धा दिसतेय... आणि तिला पुढची चांगली जागा दाखवावी म्हणून मी बॅटरीचं बटण दाबलं.

बॅटरीचं कुठलं? हातातलं!

ठिपका तेव्हा जेमतेम उजळायला लागला होता म्हणे. पहिला नंबर! भाची नाचत आत आली, 'मामा, मांजराची नजर झाली तुमची!' मी डोळे चोळत म्हटलं, हो का? आता तुम्हीच सांगा, कुणाच्या तोंडून निघेल की बाई, मी झोपलो होतो? तो निकालाचा कागद घेतला, मॅनेजरला दाखवला आणि बॅटरी माझ्याकडेच राहिली. आठ दिवस मी राजा! रोज एक-दोन जणांची बोटं तुडवत होतो, पण राजा!

नवव्या दिवशी पाकीट फोडलं.

भाची मक्याच्या बांधावर बसलेली. पिशव्या बांधायचा दोरा गुंतलेला, तो सोडवतेय, पण लक्ष दोऱ्यात नाही. म्हणाली, 'मामा, तुमचं पीठ साधं होतं. खऱ्या पिठाचे वीसही जण सुधारलेत. पण साध्यात तुमचा एकट्याचा आकडा एवढा उंच की सगळी सरासरीच वर गेलीय. मंडळाचे साहेब म्हणतात, साध्या मक्यानेही दिसतं, मग तुझा कशाला?' रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं. चार पावलांवर तिची ती नऊ वर्षं उभी, डोक्यावर पिशव्या घालून... बोललो तर बॅटरी जाणार, गप्प बसलो तर हे सगळं नांगराखाली. मी म्हटलं, अगं... मी झोपलो होतो.

'कधी?'

अंधारखोलीत. आई भेटली.

ती हसत सुटली, हसता हसता रडली, आणि शेवटी विचारते काय, 'आजीला माझा मका आवडला का?'

दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा. या खेपेला साहेब स्वतः दाराबाहेर, दर मिनिटाला टकटक, 'जागे आहात ना?' होतो! चाळिसांत चाळिसावा! मका वाचला. आणि खरं काय ते सांगून बॅटरी मी माझ्या हाताने मॅनेजरला परत दिली, गेलो सायकल स्टँडवर.

पुढे साध्या पिठाच्या आम्हा वीस जणांनाही खरं पीठ दिलं. खाल्लं चार महिने... आणि खरंच, जागेपणी, अंधारात दिसायला लागलं मला! धावत गेलो मॅनेजरकडे. म्हटलं, साहेब, दिसतंय! तो नाकातून म्हणतो, 'अस्सं? जागे असताना, की झोपेत?'

दिसतं हो, काळ्याकुट्ट अंधारातलं सगळं दिसतं. नेमणूक तेवढी उन्हात आहे.